घसरायला हवी ती तबकडी

टर्नटेबल वाजवणं हेही काम असतं, हे आमच्या घरात पटायला चार वर्षं गेली. दोन रेकॉर्ड प्लेयर आणि मध्ये मिक्सर, एवढंच सामान. एका रेकॉर्डवर फंक संगीतातला ड्रमचा तुकडा फिरता ठेवायचा, दुसरीवरची पंक रॉकची गिटार हाताने पुढेमागे ओढून त्यावर मारायची, आणि सगळं हिप-हॉपच्या ठेक्यावर बसवायचं. मी तेव्हा एका दैनिकात शहराच्या बातम्या तपासत होते. सुट्टीच्या दिवशी संत तुकाराम नगरातल्या घरी, बाहेरच्या खोलीत सराव चाले.

शेजारच्या काकू विचारत, "रेकॉर्ड अडकली का गं?"

आई सांगे, "नाही, तिला तसंच येतं."

ताथवड्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या महोत्सवात मला वीस मिनिटं मिळाली होती. पुण्यातल्या एका क्लबचा माणूस ऐकायला येणार होता. त्याला आवडलं तर महिन्याचे दोन शनिवार माझे. ते मिळाले तर नोकरी अर्धवेळ करायची, असं मी ठरवलं होतं आणि संपादकांना सांगूनही ठेवलं होतं.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. सकाळी अकराला सामान बांधण्याआधी मी एकदा प्लेयर लावून रेकॉर्ड हाताने मागे ओढून पाहिली. ती हलेना. जोर लावला तर खालची प्लेटच थांबली.

फिरणारी प्लेट आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये फेल्टची गोल चकती असते. हाताने रेकॉर्ड थांबवली तरी खाली प्लेट फिरत राहते, ती या चकतीमुळे. माझ्या दोन्ही चकत्या प्लेटला चिकटवलेल्या होत्या आणि वर रबराची शीट बसवली होती. काम अतिशय सफाईदार होतं. कडा ब्लेडने गोल कापलेल्या.

वडील पेपर वाचत बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चाकणच्या एका, पत्र्याचे भाग दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमधून ते मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झाले. मूळचे लातूरकडचे. इतकी वर्षं इथे राहूनही बोली तिकडचीच.

"अण्णा, तुम्ही काही केलंत का याला?"

"केलं की. काल तू हापिसात होतीस तवा. तबकडी घसरायली होती. प्लेटीला धरतच नव्हती."

"ती घसरायलाच पाहिजे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "घसरायला पाहिजे? मग मोटार कशाला बसवलीय?"

मी प्लेयर चालू करून रेकॉर्ड हाताने धरून दाखवली. मोटार गुरगुरली आणि थांबली. बेल्ट घसरला, क्लच घसरला की लाइन बंद पडते, या हिशोबात त्यांची सारी नोकरी झाली होती. घसरणारी वस्तू दिसली आणि त्यांनी ती दुरुस्त केली. रागावण्यासारखं होतं, पण वेळ नव्हता.

आई आतून म्हणाली, "कंपनीत कामाचं परमिट निघाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलत नव्हते. घरात मात्र मोकळं रान."

अण्णा उठले. थिनरची बाटली आणि पत्र्याची पट्टी घेऊन खाली बसले. रबर निघालं. फेल्ट फाटून निघालं. प्लेटवरचा गोंद पुसायला तासभर लागला. नवीन फेल्ट पुण्याहून आणायचं तर वेळ पुरणार नव्हता. आईने इस्त्रीखाली अंथरायचं ब्लँकेट पुढे केलं. त्यांनी रेकॉर्ड ठेवून दोन गोल आखले, कापले, खळ घालून इस्त्री फिरवली. नीट घसरावं म्हणून मी साडीच्या कव्हरचं प्लास्टिक कापून त्याच्या खाली घालायला दिलं.

"आता सांग, किती घसरायला पाहिजे?"

"हाताला कळतं, अण्णा."

"हाताला म्हणजे किती? हात रोज येगळा असतो."

त्यांनी सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला. रेकॉर्डच्या कडेला चिकटपट्टीने दोरा लावला, तो काट्यात अडकवला आणि प्लेट फिरती ठेवून, दर वेळी चकती इस्त्रीने आणखी गुळगुळीत करत, मला विचारत राहिले. जड. अजूनही जड. हां, आता बरोबर. काट्यावर पेन्सिलची खूण झाली. मग डावीकडच्या प्लेयरची चकतीही त्याच खुणेवर आणायला घेतली. डावी थोडी जड राहिली. तीन वाजले होते. आम्ही निघालो.

कार्यक्रमात मी ओढायचं सगळं काम उजव्या बाजूला घेतलं आणि डावीवर फंकचे ड्रम नुसते चालू ठेवले. मधला एक तुकडा मात्र डावीवरच करावा लागणार होता. तिथे गिटार अर्ध्या मात्रेने उशिरा पडली. समोरची मुलं नाचत राहिली. अण्णा स्टेजच्या कडेला उभे होते. गर्दीकडे त्यांचं लक्ष नव्हतं, नजर प्लेटवर होती.

क्लबचा माणूस नंतर भेटला. म्हणाला, "मस्त होतं. मधे गिटार जरा मागे ठेवलीत ना, ते आवडलं. एक शनिवार करून बघू." दोन नव्हे, एक. नोकरी तशीच राहिली.

परतताना अण्णा बसमध्ये माझ्या शेजारी बसले होते. आकुर्डीच्या जवळ आल्यावर म्हणाले, "त्या माणसाला कळलं न्हाई. डावी धरायली होती."

"हो."

"माझ्यामुळं एक शनिवार गेला तुझा."

मी म्हणाले, "एक मिळाला की."

रविवारी सकाळी ते काटा घेऊन बाहेरच्या खोलीच्या दारात आले. आत पाऊल टाकलं नाही.

"डावी काढू का?"

मी हो म्हणेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर खिशातच होता.