अप्पांचा पाहुणा

अप्पा डायलिसिसला येत राहायला तयार झाले ते एका पुस्तकापायी, आणि ते पुस्तक तरी कसलं, तर रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म लातूरच्या कापड दुकानात गेला. आई गेली, मग किडन्यांनी दगा दिला, तेव्हा मी त्यांना नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या घरी घेऊन आले. दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखाना. थोड्याच दिवसांत ते कंटाळले. "बास झालं माय. हे काय जगणं हाय? मला लातूरला सोड," असं रोज म्हणू लागले. सुया बंद करून लातूरला सोड म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

एका गुरुवारी घाईघाईत मी पिशवीत एक पुस्तक टाकलं. शिकायला पुण्याला गेलेली माझी लेक ते मागे ठेवून गेली होती. इंग्रजी, उशीएवढं जाड, काळंकुट्ट. मी पलंगाशेजारी वाचत बसले, तर अप्पांनी विचारलं, "काय वाचून राहिलीस?"

"एक सरदार आहे. मेलाय, पण मरत नाही. रात्री निघतो आणि माणसांचं रक्त पितो."

अप्पांनी आपल्या दंडातून निघून यंत्रात जाणाऱ्या लाल नळीकडे पाहिलं. "मग ह्यो बरा की. पितो, पण धुऊन वापस तरी देतो."

शेजारच्या पलंगावरच्या बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी अप्पाही हसले. मी ती संधी सोडली नाही. म्हटलं, गोष्ट सांगते, पण पुस्तक संपेपर्यंत यायचं. "हाव," ते म्हणाले. दुकानदाराचा शब्द होता.

तेव्हापासून मी इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. अप्पा त्या सरदाराला पाहुणा म्हणायचे. कुणी बोलावल्याशिवाय तो घरात शिरू शकत नाही, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आपल्याकडं तर उंबऱ्यापाशी दिसला की 'या, चहा घ्या' म्हणतेत. लई सोपं गेलं असतं त्याला." पाहुणा लसणाला भितो हे कळल्यावर मात्र त्यांना त्याची कीव आली. ज्याला लसणाची चटणी खाता येत नाही, तो अमर राहून करणार काय?

एक गोष्ट मी गाळत होते. पाहुणा दिवसभर कबरीत, मातीखाली झोपायचा. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. आई आमच्या शेतात तशीच बसली आहे. माती, खड्डा असले शब्द त्या पलंगापाशी माझ्या तोंडून निघेनात. म्हणून मी पाहुण्याला तळघरात झोपवायची.

पुस्तक संपत आलं तसं माझं धाबं दणाणलं. मग मी पदरचं घालू लागले. पाहुण्याला एक वैरी दिला, हरवलेला भाऊ दिला, लांबच्या प्रवासाला धाडलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मधूनमधून उगाच पान उलटायची. एका सोमवारी त्या प्रवासात ऊन वर आलं. उन्हात पाहुण्याची राख होते, आणि त्याला लपवायला जागा सुचेना. घाबरून मी त्याला कडब्याच्या गंजीत घातलं.

अप्पांनी डोळे उघडले. "त्यांच्याकडं ज्वारी पिकती का गं?"

मी उगाच पान उलटलं.

"खरं सांग. दिवसा कुठं ऱ्हातो त्यो?"

"मातीत," मी म्हणाले. "पण माती त्याला ठेवून घेत नाही. रोज रात्री बाहेर काढते."

गळ्यातल्या इष्टलिंगावरून त्यांचं बोट फिरत होतं. "मग त्याच्यावानी वाईट कुणाचंच न्हाई," ते म्हणाले. "तू मातीला कामून भिऊन राहिलीस? तिथं तुझी आई बसलीय. आता पुस्तक संपव माय. वाढवू नको."

मला संताप आला. "मी एवढी धडपडते आणि तुम्हाला जायची घाई!" असं मी सगळ्यांदेखत बोलून गेले. अप्पांनी सुई नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्यापेक्षा ते भांडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी शेवटचं प्रकरण होतं तसं वाचलं. पाहुणा आपणहून टेकडीवर जाऊन बसतो आणि उन्हाची वाट बघतो. "सुटला बिचारा," अप्पा म्हणाले. त्यानंतर ते दवाखान्यात गेले नाहीत. मी दुसरं पुस्तक आणून ठेवलं होतं, पहिल्याहून जाड. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, हसले, आणि परत टेबलावर ठेवलं. मग मी त्यांना लातूरला नेलं.

आठवड्याभरानं शेतात आईच्या शेजारी त्यांना मांडी घालून बसवलं. तळहातावर लिंग, कपाळाला भस्म, भोवती बेलाची पानं. मी मूठभर माती टाकली. अप्पांना मातीनं मुकाट्यानं घेतलं.

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. खरंच पटलं होतं. तरी लेकीचं ते काळं पुस्तक दिसलं की वाटतं, त्या सोमवारी कडब्याच्या गंजीऐवजी दुसरं काही सुचलं असतं, तर पाहुणा अजून चार दिवस फिरला असता.