वरच्या मजल्याचं ऊन

मालनबाईंना कुणाच्या दागिन्यांचा कधी हेवा वाटला नाही, कुणाच्या मोटारीचा नाही, कुणाच्या गुणी सुनेचाही नाही. त्यांचा जीव जळायचा तो उन्हावरून, आणि तेही स्वतःच्याच डोक्यावरच्या गॅलरीत पडणाऱ्या.

कर्वेनगरातल्या त्या चार मजली इमारतीत सगळे भाडेकरूच. मालक आमोद बाणेरला राहायचा आणि दर अकरा महिन्यांनी नव्या करारावर सह्या घ्यायला तेवढा उगवायचा. मालनबाई आणि बापूराव दुसऱ्या मजल्यावर नऊ वर्षं होते. मूळचे दोघे विदर्भातल्या आर्वीचे. बापूरावांच्या कंपनीने त्यांना पुण्यात आणलं आणि निवृत्तीनंतरही ते इथेच राहिले. मालनबाई उन्हाळाभर पापड, कुरडया, काडीवर वळलेले सरगुंडे करून विकायच्या. गच्चीला मालकाचं कुलूप, म्हणून सगळं वाळवण गॅलरीत. आणि शेजारच्या बंगल्यातल्या आंब्याने नेमकी दुसऱ्या मजल्यापर्यंतच उंची गाठलेली. दहा वाजले की मालनबाईंच्या गॅलरीत सावली यायची. तिसऱ्या मजल्यावर मात्र पाच वाजेपर्यंत ऊन नुसतं लोळत पडलेलं असायचं.

तिसरा मजला रिकामा झाला तेव्हा त्यांनी आमोदला तीनदा फोन केला. तो दर वेळी ‘बघू’ म्हणाला. पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय, हे नऊ वर्षांत कळायला हवं होतं, पण गरज असली की माणूस आशेने ऐकतो. महिन्याभरात तिथे नाजिमा राहायला आली. नवरा अझीम, त्याचं कसबा पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि सहा वर्षांची अलफिया. ते घर मिळायला त्यांना आठ महिने लागले होते. आडनाव सांगितलं की एजंट फोन ठेवायचे, असं नाजिमानेच एकदा जिन्यात हसत हसत सांगितलं होतं. मालनबाईंना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांना ऊन आठवलं.

नाजिमा वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. पण ती ‘मावशी’ म्हणायची, भाजीची पिशवी हातातून घेऊन वर आणून द्यायची, मंडईत गेली की यांच्यासाठी आठवणीने लिंबं आणायची. लिंबंसुद्धा रसाळ निघायची, हा आणखी एक ताप. तिच्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंड्या फुललेल्या. तिच्या पांढऱ्या ओढण्या बारापर्यंत खडखडीत. रमजान लागायच्या आधी तिने घरी शेवया केल्या, खाटेवर पसरल्या आणि संध्याकाळी डब्यात भरल्यासुद्धा. मालनबाईंच्या कुरडया तेव्हा चौथ्या दिवशीही मऊ होत्या.

‘एका दिवसात वाळल्या तिच्या,’ हे त्यांनी बापूरावांना अशा आवाजात सांगितलं, जणू घरात चोरी झाली होती. बापूराव गॅलरीतल्या झोपाळ्यावर पेपर वाचत होते. तिने ऊन काय कोंडून ठेवलंय का, एवढंच विचारून त्यांनी पान उलटलं.

झोपाळा हे बापूरावांचं निवृत्तीतलं एकमेव कर्तृत्व. करारात भिंतीला खिळा ठोकायलाही बंदी होती, पण त्यांनी बोहरी आळीतून कड्या आणि साखळ्या आणल्या, ड्रिल भाड्याने आणलं आणि छताला दोन भोकं पाडून फळी टांगली. ‘चांगलं खोलवर गेलंय, हत्ती बसला तरी हलायचं नाही,’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पाच वर्षं सांगत होते. रोज संध्याकाळी अलफिया त्यावर येऊन बसायची आणि शाळेतल्या कविता म्हणायची. मालनबाई तिला गुळाचा खडा द्यायच्या. त्यांचं भांडण वरच्या उन्हाशी होतं, पोरीशी नव्हतं.

मार्चमध्ये गल्लीतल्या एका जुन्या इमारतीच्या गॅलरीचा तुकडा सुटून खालच्या स्कूटरवर पडला. आमोद घाबरला. जिन्यात सूचना लागली: शनिवारी इंजिनिअर येऊन प्रत्येक गॅलरी तपासणार, सामान आधी काढून ठेवावे, धोकादायक गॅलरी बंद केली जाईल आणि ज्याच्या चुकीने ती धोक्यात आली त्याचा करार पुन्हा होणार नाही. खाली पेनने आणखी एक ओळ होती, की रडून उपयोग होणार नाही.

शुक्रवारी बापूरावांनी झोपाळा उतरवून पलंगाखाली ढकलला, कड्या काढल्या आणि भोकांत पांढरं सिमेंट भरलं. मालनबाई स्टूल धरून वर बघत उभ्या होत्या. भोकांच्या भोवती ओलसर, तपकिरी डाग पसरला होता. हे पाणी वरून येतं, मोगऱ्याच्या कुंड्यांतून, हे त्यांना त्याच क्षणी पक्कं वाटलं, आणि वाटून फार बरं वाटलं. वरच्या गॅलरीची जमीन म्हणजेच आपलं छत, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण हेवा असला की माणूस अर्धंच गणित मांडतो. आपल्याला ऊन मिळालं नाही, तर तिलाही मिळू नये, इथपर्यंत मांडून त्या थांबल्या.

शनिवारी इंजिनिअर आली, तनया नावाची, पंचविशीची, डोक्यावर हेल्मेट आणि हातात छोटी हातोडी. ती छतावर टकटक करत कान देऊन ऐकायची. मालनबाईंच्या गॅलरीत टकटकीचा आवाज बदलला, पोकळ आला. तिने पुन्हा ठोकलं आणि बोटाने सिमेंटचा एक पांढरा ठिपका दाखवला.

‘काकू, इथे काय होतं?’

मागे आमोद उभा होता. बापूराव दाराशी. वरून बोलावलेली नाजिमा अलफियाचा हात धरून आत आली होती.

‘पाणी गळतं वरून,’ मालनबाई म्हणाल्या. ‘पोपडे पडायला लागले, म्हणून ह्यांनी जरा सिमेंट भरलं. सकाळ-संध्याकाळ कुंड्यांना पाणी, दुसरं काय होणार?’

तनयाने वहीत लिहिलं, वरून पाणी मुरतंय, आतली सळई गंजली असणार. दोन्ही गॅलऱ्या आजपासून बंद, खालून टेकू द्यावा लागेल. आमोद नाजिमाकडे वळला. कुंड्या ठेवू नका असं मी सांगितलं होतं की नाही, असं त्याने विचारलं. सांगितलं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावर ते सांगितल्यासारखंच होतं. मेअखेर घर रिकामं करा, म्हणाला.

अलफियाने छताकडे बघून तोंड उघडलं. नाजिमाने तिचा हात घट्ट दाबला. मग तिने स्वतः वर बघितलं, त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडे, ज्यांच्याखाली तिची पोर वर्षभर झोके घेत होती, आणि मग मालनबाईंकडे. त्या नजरेत राग असता तर मालनबाईंनी तो सहज परतवला असता.

‘असेल,’ नाजिमा म्हणाली. ‘पाणी माझंच असेल. मावशींना काही बोलू नका, त्यांचं वय झालंय.’

मालनबाईंना तेव्हा जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणणं म्हणजे त्यांना फुकट मोठं करणं होईल. ती तीच जुनी जळजळ होती, कुरडया चौथ्या दिवशी मऊ राहिल्यावर व्हायची तीच, फक्त आज ती तोंडातून बाहेर पडली.

‘झोपाळा होता इथे,’ त्या म्हणाल्या. ‘आमचा. ह्यांनी भोकं पाडली, मी स्टूल धरलं होतं. पलंगाखाली आहे, बघा.’

बापूरावांनी डोळे मिटले. तनयाने स्क्रूड्रायव्हरने ताजं सिमेंट उकरलं आणि आत टॉर्च मारली. मग म्हणाली, गॅलरीचा भार वरच्या बाजूच्या सळया पेलतात आणि ड्रिल थेट तिथपर्यंत गेलंय. एक सळई निम्मी कापली गेली आहे. वरच्या लोकांनी थोडी गर्दी केली असती, तर आज मी तपासायला आले नसते, पंचनाम्याला आले असते. नाजिमाने पोरीला जवळ ओढलं.

आमोदने आवाज चढवला नाही. तुमचा करार जूनमध्ये संपतो, दुसरं घर बघा, एवढंच त्याने सांगितलं. नाजिमाला म्हणाला, तुम्ही राहा. दुरुस्ती झाली की गॅलरीचं कुलूप काढू.

सगळे गेल्यावर नाजिमा जिन्यात थांबली. रोज्याने तिचे ओठ सुकले होते आणि डोळे भरून आले होते. ‘मावशी, मी घेतलं होतं ना माझ्यावर,’ ती म्हणाली. ‘मग तुम्ही कशाला बोललात?’

मालनबाईंनी पदराने तोंड पुसलं. पुण्यात त्या नेहमी शुद्ध बोलायच्या, पण आता आर्वीची बोली आपोआप बाहेर आली.

‘ऊन तुलेच, अन् चांगुलपणाही तुलेच? सगळंच तुले काहून भेटावं?’