पोळ्याचा तिसरा मानकरी

रिक्षाच्या धुरातला जळक्या तेलाचा वास आला की मला घोड नदीची कोरडी वाळू आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं. मी काष्टीजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते आणि परदेशी डॉक्टरांनी सोबत आणलेली चिमुकली जपानी जीप त्यांच्याकडूनच चालवायला शिकले होते. त्या सकाळी नदीपलीकडच्या खडीच्या कामावर जुलाब-उलट्यांची साथ पसरली होती, सलाईनच्या बाटल्या माझ्या जीपमध्ये होत्या आणि नदीतल्या एकमेव वाटेवर समोरून येणारी कडब्याची बैलगाडी चाकांच्या आसापर्यंत वाळूत रुतून बसली होती. गाडीवान म्हातारबाबा. एरवी वाळूत फसलेले ट्रक आणि मोटारी त्यांचेच बैल ओढून काढायचे. मी म्हणाले, "बाबा, बैल सोडा आणि नाडा बांधा जीपला." ते हसले. "बाई, ह्या खेळण्याला माजा एक बैल वढंल. हे काय माजी गाडी काढनार?" तरी त्यांनी नाड्याचा जाड दोर बांधला आणि गाडी सरळ ठेवायला जू हातात धरलं. मी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, जीप मागे घेतली. ती स्कूटरसारखी टरटरली, निळा धूर ओकली आणि कडब्यासकट गाडी काठावर घेऊन आली. दुपारपर्यंत सगळ्यांना सलाईन लागली, एकही माणूस दगावला नाही. पोळ्याच्या दिवशी बाबा दवाखान्यात आले, बैलांच्या शिंगांना लावतात तसा तांबडा हिंगूळ जीपच्या दिव्यांभोवती लावला, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली आणि म्हणाले, "वढत्या जनावराला आमी आजच्या दिशी उपाशी ठिवत न्हाई." आता माझ्या दारात चांगली मोठी गाडी उभी असते, पण पोळी खाऊ घालावी असं तिनं अजून काही केलेलं नाही.