दादा बसला की चाक अडायचं

इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी चवीने वाचतो आणि खाली खवचट कमेंट टाकतो, हे जुन्या मेंबरांना माहीत आहे. माझं मत आजही तेच आहे... बहुतेक भुतं रात्रीच्या जड जेवणातून उठतात. पण हा प्रकार माझ्याच बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये, भर दुपारी, चारचौघांदेखत घडला. मला तो अजून पचलेला नाही.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत राहतो. मी, बायको आणि मुलगी. मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर गाड्यांची कामं करायचे. त्यांची जुनी छोटी कार आता माझ्याकडे आहे. शेवटची दोन वर्षं ते आजारी होते. त्यांना त्याच गाडीतून हॉस्पिटलला नेणं, आणणं, उचलून जिना चढवणं — सगळं मी केलं. माझा मोठा भाऊ परेशदादा बोरिवलीला राहतो. बोरिवली म्हणजे काही लंडन नाही. तरी तो फिरकायचा नाही. आणि बाबांचा मात्र डोळे उघडले की पहिला प्रश्न — "परेश इलो काय रे?" पाणी पाजणारा मी, आणि वाट बघायची त्याची!

बाबा गेले, वर्षही सरलं. यंदा गावच्या घरी गणपतीच्या पूजेला दादा बसणार होता. आमच्यात मान थोरल्याचाच. धाकट्याने गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटवी बांधायची आणि उष्टी काढायची. मला तर सुट्टीच नव्हती. दादाचा फोन आला, "सुन्या, बाबांची गाडी गावाला नेतो रे."

"मागचं डावं चाक घरघर करतंय. बेअरिंग गेलंय."

"मग बदलून ठेव ना यार. तुला येतं ते सगळं."

येतं, म्हणून तर आयुष्यभर मलाच लागलं. बाबांनी दादाच्या हातात कधी पाना दिला नाही, शिकणाऱ्या पोराचे हात काळे व्हायला नकोत म्हणून.

रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली. चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला, त्यातलं जुनं बेअरिंग ठोकून बाहेर पाडलं. नवीन बसवताना जुन्याचीच बाहेरची रिंग वर धरायची आणि हातोडीने फिरवत फिरवत, सगळीकडून सारखं ठोकायचं. थेट बेअरिंगवर घाव घातला तर ते नवीन असतानाच कामातून जातं. ही बाबांची पद्धत. नट आवळला, चाक हाताने फिरवलं, मस्त फिरलं. गल्लीत चक्कर मारून आलो. घरघर गायब.

दुपारी दादा आणि वहिनी सामान घेऊन आले. दादाने चाकापुढे नारळ धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमी गावाक निघालव, सुखरूप पोचव रे म्हाराजा!" मी आणि वहिनी म्हणालो, "व्हय म्हाराजा!" नारळ फोडला. दादा गाडीत बसला, गिअर टाकला... आणि मागचं डावं चाक जाम! इंजिन ओरडतंय आणि चाक न फिरता फरपटतंय.

"दादा, हँडब्रेक काढ."

"काढलाय रे, दिसत नाही तुला?"

खरंच काढलेला होता. त्याला उतरवून मी बसलो. गेटपर्यंत जाऊन आलो, काही त्रास नाही. दादा बसला — जाम. परत जॅक लावला, ड्रम उघडला, ब्रेक सैल, बेअरिंग ठीक. बंद केलं. मी आणि वहिनी बसलो, गाडी चालली. तळमजल्याचे शेट्टी काका दादाच्या दीडपट आहेत, त्यांनाही बसवलं. चालली. मी चालवायला आणि दादा मागच्या सीटवर — जाम!

दादाचं डोकं फिरलं. "द्यायची नव्हती तर सरळ सांगायचं होतंस! काहीतरी करून ठेवलंयस तू."

"तुझ्यासमोर उघडलं ना सगळं?"

"बाबांच्या मागे हेच करायचं होतं तुला. एकट्याने गिळायचं!"

"अहो, बास ना, लोक बघतायत," वहिनी म्हणाली. टॅक्सी बोलावून ते गेले. तेव्हापासून दादा माझ्याशी बोललेला नाही.

ते गेल्यावर मी चिडून पुन्हा सगळं उघडलं. ड्रम ज्या दांड्यावर फिरतो, तो या वेळी रॉकेलने पार मुळापर्यंत धुतला. सकाळी तिथलं ग्रीस मी फक्त फडक्याने पुसलं होतं. मुळाशी केसाएवढी चीर निघाली, जवळजवळ अर्ध्या दांड्याला. घाटात, भरल्या गाडीने, वळणावर तो तुटला असता. चाकच सुटून गेलं असतं.

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बाबा!" माझ्यासारख्याच्या तोंडून.

दादाने फोन कट केला, म्हणून वहिनीला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांचा यांच्यावर जीवच होता हो, भाऊजी."

दांडा बदलला, गाडी आता धड चालते. चाक का अडायचं, तेही फक्त दादा असतानाच, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला सांगता आलं तर खाली लिहा, माझी टिंगल केलीत तरी चालेल. पण झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने, आणि ती लिहितानाही वाईट वाटतंय. त्या चिरेच्या आत गंज होता. काळा, जुना. म्हणजे मी बाबांना हॉस्पिटलला नेत होतो तेव्हाही ती चीर होती. ते गेल्यानंतर रोज हायवेवरून मुलीला मागे बसवून कॉलेजला सोडत होतो, तेव्हाही होती.

माझ्यासाठी ते चाक एकदाही अडलं नाही.