मेथी, लसूण आणि पंख्याजवळची जागा

“त्या कमळला दाराशी बसवा, न्हाईतर मी उद्यापास्नं येत न्हाई!” शालननं कात्री टेबलावर आपटली. “ती सुकट खाती आन् पंख्याचा वारा तिच्या अंगावरनं माज्या नाकात येतो.”

“सुकट ती एकटीच खाती व्हय? गेल्या बाजारी तुझ्या पिशवीतनं बोंबील डोकावत होता,” मी म्हणाले.

“आमी भाजून खातो. वास उडून जातो!”

वडूजला आमचं शिवण केंद्र होतं, तिथली ही गोष्ट. ब्याण्णव-त्र्याण्णवचा उन्हाळा. वर पत्रा, खाली पाच बाया आणि पंखा एकच. शाळांचे गणवेश जूनच्या आत द्यायचे होते. मुख्य मी. शाळा माझी चौथीतच सुटली. कटिंग शिकले ते जुनी पोलकी उसवून उसवून. माझी बाही आजवर कुणी परत आणलेली नाही, आणायची कुणाची छाती पण नाही. शालनचा हात कॉलरीवर बसलेला. कमळ बौद्ध वस्तीतली, नवी, पण टीप मारायची ती ओळंब्यासारखी सरळ. म्हणून पंख्याजवळचं, उजेडातलं मशीन तिला मी दिलं होतं. दाराशी काय, धूळ आणि काज-बटण! तिथं बसवलं तर शिलाई गेलीच तिच्या हातची.

एका पत्र्याखाली बाया घामेजल्या की किस्से चिंध्यांसारखे साठतात. फेकवत नाहीत, आणि पोतं फुगत जातं. आमच्या पोत्यात वासाचेच जास्त. कारण मला एक कोडं होतं. खाल्लेलं जातं पोटात, मग घामातनं बाहेर येतं कसं?

*

आमची मंगल बाळंतपणानंतर कामावर आली. घरी सासू रोज मेथीचा लाडू चारायची. थोड्याच दिवसांत पोरीच्या घामाला मेथीचा घमघमाट! साबण झाला, पावडर झाली, वास हटेना.

पोलकं न्यायला एक मास्तरीणबाई आल्या. दारातच थांबल्या, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“आक्का, पोलकं राहू द्या. आधी लाडू आणा!”

*

माझ्या गुडघ्याला कुणीतरी कच्चा लसूण सांगितला. चावायचा नाही, पाण्याबरोबर गिळायचा, म्हणजे तोंडाला वास येत नाही म्हणे. तोंडाला नाहीच आला. पण दुपारी काखेतनं फोडणी!

संध्याकाळी मी ताट वाढायला वाकले, तर आमचे मालक खूश. “आज आमटी झणझणीत दिसतीया!”

ताटात दूधभात होता.

*

मग मी सरळ डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, “आक्का, नुसत्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू त्या घामावर जगतात, वास त्यांच्यामुळं येतो.”

“आणि लसणाचा?”

“तो रक्तात उतरतो. मग श्वासातनं, घामातनं निघतो.”

“म्हणजे निम्मा वास जंतूंचा, निम्मा लसणाचा. मग ह्यात माझं काय?”

“तुमची फी!” डॉक्टर म्हणाला.

*

पाचवी आमची रशीदाभाभी. रोज्याच्या दिवसांत ती तोंडावर पदर धरून बोलायची. मी विचारलं, “भाभी, पोटात काहीच नाही, मग वास कशाचा गं?”

“रिकाम्या पोटाचा पन येतोच की, आक्का. पन आमच्यात म्हणतात, रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाला कस्तुरीपेक्षा प्यारा.”

शालनला त्या दिवशी चतुर्थी होती. तिनं मशीन थांबवलं. “आन् माज्या उपासाचा?”

“गणपतीची अजून तर तक्रार आली न्हाई!” मंगल म्हणाली.

शालनसुद्धा पोट धरून हसली. हसरीच होती ती. तिचं डोकं फिरलं ते कमळ आल्यापासून.

*

भांडण मिटेना, तेव्हा मी परीक्षाच घेतली. सगळ्यांनी घाम पुसलेले रुमाल जेवणाच्या रिकाम्या डब्यांत टाकायचे, आणि शालननं डोळे बांधून कुणाचा कुठला ते ओळखायचं. कमळनंही आपला रुमाल टाकला.

शालननं एकेक डबा हुंगला. परत हुंगला. शेवटी म्हणाली, “सगळ्यांना मशीनच्या तेलाचाच वास येतोय!”

“म्हंजी आपण तेलच पितोय गं बया!” मंगल ओरडली.

शालननं डोळ्यांवरची पट्टी ओढली. “डब्यात वास मरतो,” म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ती खांद्याला पिशवी लावून दारातच उभी. आत यायला तयार नाही. “आक्का, काय ते आज ठरवा. ती, का मी?”

कॉलरींचा ढीग तसाच पडलेला. मंगलचं मशीन थांबलं, मग भाभीचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमळ उठून उभी राहिली.

“मला चौथा म्हैना लागलाय,” ती म्हणाली. “सुकट नुसती दिसली तरी मलाच वकारी येती. दिवस गेल्यापास्नं आमच्या घरात सुकट शिजल्याली न्हाई.”

“मग मला रोज वास येतोय त्यो कशाचा?”

“ते तुमीच सांगा, वैनी. मोठ्यानं सांगा.”