चमचाभर काढा

मरोळच्या त्या चाळीत पोर शिंकलं की आया डॉक्टरकडे नंतर जायच्या, आधी सुलक्षणाबाईंकडे. बाई मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत लागला तेव्हापासून इथल्या. अडुळसा, सुंठ, मध घालून त्या काढा करायच्या आणि पोराला मांडीवर उताणं घालून, नाक चिमटीत धरून घशात ओतायच्या. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही त्यांच्यापुरती नुसती म्हण नव्हती, तीस वर्षांची रीत होती. सगळं फुकट. मोबदल्यात मान मिळायचा, आणि मानाची बाईंना भूक होती.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत त्यांची मांजर भुरी शिंकू लागली. नाक गळतंय, डोळ्यांना पाणी. बाईंनी तिला टॉवेलात गुंडाळलं, उताणी धरली, नाक दाबलं आणि काढा ओतला. भुरी ठसकली, खोकली. काढा लागू पडला, असं समजून बाई खूश. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चाललं.

तिसऱ्या दिवशी भुरीनं खाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान पुढे ताणून, तोंड उघडं टाकून ती कोपऱ्यात बसली होती आणि दर श्वासाला तिचं पोट भात्यासारखं हलत होतं. कुत्रा धापा टाकतो. मांजर तोंडानं श्वास घेताना बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. पिशवीत घालून त्यांनी तिला अंधेरीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि काय काय पाजलं ते विचारलं. बाईंनी रीतसर, थोड्या तोऱ्यातच सांगितलं.

"बाई, सर्दी साधी होती," डॉक्टर म्हणाले. "तुमचा काढा फुप्फुसात गेलाय. न्यूमोनिया झालाय."

नाक दाबून ओतलं की जीव श्वासासाठी तडफडतो आणि ओतलेलं श्वासनळीत उतरतं, असं त्यांनी समजावलं. इंजेक्शन दिलं, आठवडाभर रोज आणायला सांगितलं. ऊब द्या, नाक ओल्या कापसानं पुसा, वासाचं मऊ खाणं पुढ्यात ठेवा, पण घशात काही ओतू नका.

बाईंनी विचारलं, "माणसाच्या पोराचं पण असंच होतं काय हो?"

"होतं ना. तान्ह्या पोरांचं तर होतंच."

बाईंना शेजारच्या जानकीचा दुसरा मुलगा आठवला, तीन महिन्यांचा. सर्दी झाली म्हणून जानकीनं त्याला काढ्यासाठी बाईंकडे आणला होता. चौथ्या दिवशी बरगड्या आत ओढत ओढत गेला. डबा झाला, छाती भरली, देवाची मर्जी, असं सगळी चाळ म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी बाईच म्हणाल्या होत्या. त्याला अठरा वर्षं झाली. जानकी अजून दर शिमग्याला पहिली पुरणपोळी त्यांच्याकडे आणून देत होती.

भुरी वाचली. आठव्या दिवशी उठून अंग चाटू लागली. पण बाईंच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी एका दुपारी त्या जानकीच्या दारात गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

जानकी सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. आता ही सूप डोक्यात घालणार असं बाईंना वाटलं, आणि तिनं ते घालावं असंही वाटलं.

जानकीनं वर पाहिलंच नाही.

"काढा ओतताना तो निळा पडला तेव्हाच मला कळलेलं गो," ती म्हणाली. "पाय झाडत होता. मीच धरून ठेवलेले."