बिल्ला गायकवाडांचा

सेमिनारला जाऊन आलं की माणूस शहाणा होतो म्हणे. मी जाऊन आले आणि माझ्याकडे नुसते किस्से साठले. एक सांगितला की मैत्रिणी म्हणतात, "छे, काहीही फेकतेस!" मग पहिला खरा वाटावा म्हणून दुसरा सांगावा लागतो. ऐका तर.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरची इंटर्न. महिनाअखेरीला इंटर्नशिप संपणार होती आणि पर्मनंट करणार की नाही, हे कुणी सांगेना. एचआर हेड शिरसाठ सर म्हणायचे, "दादासाहेब ठरवतील." दादासाहेब म्हणजे मालक. ते म्हणायचे, "शिरसाठांना विचार." इकडे इंदिरानगरात रूमवाल्या काकू रोज दारात उभ्या. "खोली ठेवतेस का सोडतेस, एकदाचं सांग बाई. दुसरी मुलगी थांबलीये!" आणि वणीहून पप्पांचा फोन, "नाय जमलं तर ये गं, आपलं पेढ्याचं दुकान हायेच." पेढे विकायला एमबीए केलं का मी?

शेवटी शिरसाठ सर म्हणाले, "लीडरशिप सेमिनार होऊ दे. मग लगेच बघू."

*

सेमिनार मॅनेजर लोकांचा, गावाबाहेरच्या रिसॉर्टवर. परचेसचे गायकवाड ऐनवेळी मेहुणीच्या लग्नाला निघून गेले. पैसे भरलेली जागा फुकट जाऊ नये म्हणून माझी रवानगी झाली. दारातच शिरसाठ सरांनी माझ्या गळ्यात बिल्ला अडकवला : 'गायकवाड, सीनियर मॅनेजर'.

"सर, माझं नाव?"

"अगं, नावं दादासाहेबांकडे जाऊन आलीत. वर गेलेलं नाव बदलत नसतात. दोन दिवस गायकवाड झालीस तर काय बिघडतंय?"

काय बिघडतंय म्हणे!

*

पहिलं सेशन होतं 'वेळेचं नियोजन'. उद्घाटन दादासाहेबांच्या हस्ते, आणि दादासाहेब द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये. पुण्याहून आलेले ट्रेनर माईक हातात धरून ताटकळले. दादासाहेब आले, आणि मग सत्कार सुरू झाले. दादासाहेबांचा शिरसाठ सरांच्या हस्ते, ट्रेनरचा दादासाहेबांच्या हस्ते, मग रिसॉर्टच्या मालकाचा, मग सत्कारांची व्यवस्था बघणाऱ्याचा! शाली संपल्या तेव्हा एकाच्या खांद्यावरची काढून दुसऱ्याला घातली. दादासाहेब "फार छान कार्यक्रम झाला" म्हणून निघूनसुद्धा गेले.

शेवटी ट्रेनरनी माईक तोंडाशी नेला. "वेळेअभावी वेळेचं नियोजन रद्द करतोय."

*

जेवायच्या वेळी ट्रेनरना नवी कल्पना सुचली. "खरा लीडर सेवा करतो! आज सीनियर लोक ज्युनियरना वाढणार!"

टाळ्या पडल्या. सगळे साहेब लोक बाह्या सरसावून टेबलामागे उभे राहिले. मी ताट उचललं, तर ट्रेनर ओरडले, "गायकवाड, तुम्ही सीनियर! चला, पळी घ्या!"

"सर, मी इंटर्न आहे हो."

"श्श!" शिरसाठ सरांनी डोळे वटारले. "नाव वर गेलंय."

घेतली पळी. आता हॉलमध्ये प्रत्येकाच्या हातात पळी आणि ताट कुणाच्याच हातात नाही! भाजी गार होईपर्यंत आम्ही एकमेकांकडे हसून बघत होतो.

*

मग विश्वासाचा खेळ. डोळे मिटून मागे पडायचं, मागचे लोक झेलतात. शिरसाठ सर जरा कलले की सगळे धावून त्यांना परत सरळ करायचे. "सर, असू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता!" सर काही शेवटपर्यंत पडलेच नाहीत.

माझी पाळी आली. मी डोळे मिटले, विश्वास ठेवला आणि पडले. झेलणारे सगळे सरांसाठी पाणी आणायला गेले होते. कंबर अजून धरते.

*

दुसऱ्या दिवशी 'निर्णयक्षमता'. ट्रेनर म्हणाले, "तुमची होडी बुडतेय. सामानातलं काय फेकायचं ते पटकन ठरवा!"

आमच्या गटात सगळ्यांनी आधी मोबाइल काढले. मग कुणीतरी म्हणालं, "दादासाहेबांना एकदा विचारू या का?" आणि खरंच फोन लावला हो! फोन एंगेज. दुसरा म्हणतो, "मेसेज टाकून ठेव." ट्रेनर ओरडतायत, "पाणी गळ्यापर्यंत आलंय!" आणि शिरसाठ सर म्हणतात, "थांबा, ब्लू टिक येऊ दे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मरा की मग! फ्रीज फेका, पेटी फेका, वल्हवायला बसा! दादासाहेबांना किनाऱ्यावर गेल्यावर सांगू!"

ट्रेनर उड्या मारायला लागले. "ब्राव्हो, गायकवाड!"

संध्याकाळी 'बेस्ट लीडर'ची ट्रॉफी जाहीर झाली. मीच स्टेजवर गेले, मीच फोटोला हसले. बसमध्ये शिरसाठ सरांनी हात पुढे केला. "दे इकडे. गायकवाडांना पोचवतो."

*

सोमवारी गायकवाडांचा सत्कार झाला. शाल तीच. त्यांनी भाषणही केलं, "हे माझ्या एकट्याचं यश नाही!" ते मात्र खरं बोलले.

मी तडक दादासाहेबांच्या केबिनमध्ये घुसले. शिरसाठ सर तिथेच होते. गायकवाड बगलेत ट्रॉफी धरून पेढे वाटत होते.

"सर, मला पर्मनंट करताय का नाही, आज सांगा. संध्याकाळी खोलीचं कळवायचंय मला."

दादासाहेबांनी पेढा तोंडात टाकला. मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पोरगी धीट आहे. पण शिरसाठ, हिचं लीडरशिपचं काहीच ट्रेनिंग झालेलं दिसत नाही. सेमिनारला का नाही पाठवली?"

मी शिरसाठ सरांकडे बघितलं. शिरसाठ सरांनी खिडकीकडे बघितलं.

"पुढच्या वेळी नक्की पाठवू, सर."

"मग तोवर इंटर्नच राहू दे."

तेवढ्यात गायकवाड पुढे झाले. त्यांनी ट्रॉफी या हातातून त्या हातात घेतली आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला.

"साहेब, काळजी सोडा! सेमिनारमध्ये मी जे जे शिकलो, ते सगळं शिकवतो हिला!"